वेसाव्यातून लडाखला: हेलिपॅडवर बर्फ चिकटू न देण्याची रीत

आमच्या वेसाव्यात, मुंबईतल्या कोळीवाड्यात, बर्फ म्हणजे लादी. पहाटे कारखान्यातून टेम्पो यायचा, गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या बंदरावर उतरायच्या आणि माझी आई तिच्या वाट्याचा तुकडा लाकडी दांडक्याने फोडून पापलेटांवर पसरायची. तो वितळू नये म्हणून दिवसभर तिचा जीव खालीवर. त्याच बाईचा मुलगा पुढे पगार घेऊन बर्फ हटवायला लडाखला गेला, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "फुकट पडतोय तर भरून आण की," म्हणायची.

हेलिकॉप्टरच्या कामात मी आलो तो जुहूमुळे. जुहूचा विमानतळ देशातला पहिला नागरी विमानतळ, १९२८ सालचा, आणि आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात. आधी तिथे हँगरमध्ये, मग मुंबई हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर हेलिडेक सांभाळायचा: मशीन उतरवून घ्यायचं, माणसं चढवायची-उतरवायची, आगीची तयारी ठेवायची, डेक स्वच्छ राखायचा. (आमच्यात हेलिकॉप्टरला मशीनच म्हणतात.) निवृत्तीनंतर एका बांधकामाच्या कॅम्पवर दोन हिवाळे काढले. लडाख, दहा हजार फूट. हिवाळ्यात रस्ता बंद, आजारी माणूस खाली न्यायचा तर मशीनशिवाय वाट नाही. आणि ते मशीन उतरायचं २० बाय २० मीटरच्या एका काँक्रीटच्या लादीवर. हेच आमचं हेलिपॅड, नुसतं पॅड म्हणायचो.

आता आमच्या गल्लीतला एक मुलगा तसल्याच कामावर निघालाय. "काका, एक पान लिहून द्या," म्हणाला. एका पानात मावलं नाही. वेसाव्यात जानेवारीत अठरा अंशांवर मफलर काढणाऱ्यांना हे वाचून हसू येईल, पण आपल्याकडची पोरं हल्ली अशा कामांवर जातात आणि तिथे पोचेपर्यंत त्यांनी बर्फ पाहिलेला असतो तो फक्त उसाच्या रसात.

बिघडतं ते काय

ओहोटीला खाडीच्या गाळात रुतलेली होडी कधी ओढली असेल तर हे लगेच कळेल. एक बाजू सुटते, दुसरी गाळ धरून ठेवतो, आणि जोर लावला की होडी पुढे न येता कलते. छोट्या मशीनला बहुधा चाकं नसतात, खाली दोन आडवे नळ असतात, त्यांना स्किड म्हणतात. मशीन रात्रभर ओल्या पॅडवर उभं राहिलं आणि एक स्किड गोठून चिकटला, की उडताना तेच होतं. एक बाजू उठते, दुसरी जखडलेली. मशीन त्या चिकटलेल्या स्किडभोवती फिरायला लागतं आणि ठरावीक कलापलीकडे पायलटने काहीही केलं तरी ते सावरत नाही. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

दुसरा धोका भुरभुरत्या बर्फाचा. सव्वादोन टनांचं मशीन हवेत तोलायचं तर रोटरला, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांना, हवेचा तेवढाच रेटा खाली द्यावा लागतो. तो वारा मोकळ्या बर्फावर आदळला की पांढरा ढग उठतो आणि नेमकं शेवटच्या पंधरा-वीस फुटांत पायलटला जमीन दिसेनाशी होते. मशीन पुढे सरकतंय की मागे, हेही त्याला कळत नाही.

तिसरा धोका बर्फाच्या ढेकळांचा. तुम्ही फोडलेला आणि उचलायला विसरलेला मुठीएवढा तुकडा रोटरच्या वाऱ्यात दगडासारखा जातो. मुंबई हायवर आम्हाला एक टोपी, एक प्लास्टिकची पिशवी डेकवर दिसली तरी ओरडा बसायचा. डेकवर पडलेल्या सगळ्या अडगळीला एकच नाव, एफओडी. बर्फाचा खडा हाही एफओडीच.

बर्फ बुटाखाली तयार होतो

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं. वरून पडतो तो ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे जवळजवळ कापूस. वाऱ्याने दाबला गेला की २०० ते ४००. पूर्ण गोठलेला घट्ट बर्फ ९१७ किलो. कापसाचा दगड होण्याच्या मधल्या वाटेवर बहुतेक वेळा आपलेच पाय असतात.

आईच्या टबात मी हे लहानपणी पाहिलं होतं. सकाळी फोडून बारीक केलेला बर्फ संध्याकाळपर्यंत पुन्हा एक ढेकूळ व्हायचा. कण कणाला चिकटतो, आणि दाबला तर लवकर चिकटतो. पॅडवरही तसंच. पहिल्या हिवाळ्यात मी टॉर्च घेऊन रात्रीतून तीनदा पॅड "बघून" आलो. सकाळी पोरांनी मऊ बर्फ ओढून काढला तर पॅडच्या मधोमध माझ्या बुटांचे ठसे उभे. खड्डे नव्हेत, उंचवटे. आजूबाजूचा मोकळा बर्फ निघून गेला आणि पायाखाली दबलेला तेवढा काँक्रीटला धरून राहिला. टाचेच्या नक्षीसकट सव्वीस ठसे, एकेक करत खरवडून काढले. आमचा नेपाळी फोरमन काही बोलला नाही. त्याने फक्त एक खुर्ची आणून पॅडच्या कडेला ठेवली, मला बसून बघायला.

खरेदी मुंबईतच करून घ्या

वर काही मिळत नाही आणि मिळालं तर तिप्पट भावात. नागदेवी स्ट्रीटवर एक सकाळ काढा. लांब दांड्याची, रुंद पात्याची प्लास्टिकची फावडी घ्या. लोखंडी पातं पॅडवरचा रंग आणि दिव्यांची झाकणं सोलून काढतं. लोखंडीच गळ्यात पडली तर पात्याला जाड रबराची पट्टी बोल्टने बसवून घ्या. नायलॉनचे कडक केसांचे झाडू घ्या. आपला खराटा नको, त्याच्या काड्या तुटून पडतात आणि काडी म्हणजे पुन्हा एफओडी. फरशी पुसायचा वायपर रुंदात रुंद घ्या, दुपारचं वितळलेलं पाणी त्यानेच निघतं.

बंदरावरचे गमबूट मात्र नेऊ नका. मी नेले होते. पीव्हीसी थंडीत लाकडासारखं कडक होतं, चौथ्या दिवशी घोट्याजवळ तडा गेला. हातमोजे दोन थरांचे, आत लोकर आणि वर वारा अडवणारं. उघड्या हाताने लोखंडी पहार धरली तर कातडी तिलाच चिकटते. काळा चष्मा हवाच. ताज्या बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे असे जळतात की रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं.

समुद्रावरून येणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे डेकवर चाकं घसरू नयेत म्हणून दोरीची जाळी अंथरतात, ती सवय खालीच ठेवून जा. जाळीच्या चौकटीत बर्फ भरतो आणि फावडं चालत नाही. त्यात स्किडवालं मशीन असेल तर जाळीत स्किड अडकायचा धोका वेगळाच.

ऑक्टोबरातलं काम

बर्फ पडायच्या आधी पॅडवर चार बादल्या पाणी ओता आणि खडू घेऊन उभे राहा. जिथे पाणी साचेल तिथे खडूने गोल करा. हिवाळ्यात प्रत्येक गोल म्हणजे एक आरसा. ते खड्डे थंडीच्या आधी भरून घ्या. पॅडला उतार हवा, पण दोन टक्क्यांच्या आतच, म्हणजे मीटरला दोन सेंटीमीटर. त्याहून जास्त उतार मशीनला चालत नाही. भेगाही बुजवा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, ऑक्टोबरातली केसाएवढी भेग मार्चमध्ये बोट जाईल एवढी होते.

कडेचे दिवे आणि गटाराची तोंडं कुठे आहेत त्याचे फोटो काढून, पावलं मोजून कागदावर लिहून ठेवा. दीड फूट बर्फाखाली सगळी जमीन सारखीच दिसते, आणि पहिलं फावडं हमखास दिव्यावरच बसतं. दिव्यांचं आणखी एक आहे. जुने हॅलोजन दिवे गरम व्हायचे, स्वतःवरचा बर्फ स्वतःच वितळवायचे. एलईडी थंड असतात, त्यांच्यावर बर्फाची टोपी बसते ती बसतेच. संध्याकाळच्या फेरीत प्रत्येक दिवा हाताने पुसायचा.

आगीच्या तयारीकडे बघा. पाणी आणि फोमची नळकांडी उघड्यावर गोठतात. ती ऊब असलेल्या खोलीत ठेवायची, पॅडपाशी कोरड्या पावडरची.

पडत असताना

बोटभर बर्फ साठू द्या, मग लागा. पाच सेंटीमीटर ही माझी मर्यादा. "थांबू दे एकदाचा, मग काढू" म्हणणारा माणूस प्रत्येक कॅम्पवर असतो. त्याच्यासाठी हिशेब: ४०० चौरस मीटर पॅडवर १५ सेंटीमीटर ताजा बर्फ म्हणजे ६० घनमीटर, घनमीटरला १०० किलो धरले तर ६ टन. दीडशे किलोच्या लादीच्या मापाने चाळीस लाद्या. आणि दहा हजार फुटांवर हवेचा दाब मुंबईच्या सत्तर टक्केच, चार फावडी मारली की धाप लागते. वीस मिनिटं काम, मग दुसरी जोडी. पहिल्या आठवड्यात तर फावड्याला हातच लावू नका, आधी शरीराला हवेची सवय होऊ द्या.

घरी फरशी पुसताना आपण मागे मागे सरकतो, पुसलेल्यावर पाय पडू नये म्हणून. इथे बरोबर उलटं. मोकळ्या केलेल्या काँक्रीटवर उभं राहायचं आणि पुढचा बर्फ पुढे ढकलायचा. न काढलेल्या बर्फावर पाऊल नाही. कडेपासून सुरुवात करायची ती वारा येतो त्या बाजूने, म्हणजे उडालेला बर्फ पुढे जातो, साफ केलेल्यावर परत येत नाही. उचलू नका, ढकला. उचलून फेकला की कंबरही जाते आणि अर्धा बर्फ वाऱ्याबरोबर तोंडावर येतो.

ढीग कुठे करायचा, यात माझी सगळ्यात महागडी चूक झाली. पॅडची एक बाजू डोंगराकडे, जरा उंच, आणि जवळ. तिथेच ढकलत गेलो, छातीएवढी भिंत उभी राहिली. दिसायला किती छान, अगदी कडा कापून सरळ केलेली. दुपारी ऊन आलं, भिंत पाझरायला लागली आणि पाणी उताराने पॅडवर. चार वाजता सूर्य डोंगराआड गेला, पाच वाजता पॅडवर काचेचा पातळ थर. ढीग नेहमी उताराच्या खालच्या बाजूला, वाऱ्याच्या पलीकडे आणि पॅडपासून लांब. उंच करायचा नाही, पसरायचा. उंच ढीग शेपटीच्या रोटरला अडथळा असतो, आणि खाली गेलेली हवा त्यावर आपटून परत वर येते.

आता पॅडच्या बाहेरचा भाग. इथे नियम फिरतो. पॅडवर बर्फ तुडवायचा नाही, पॅडबाहेर मुद्दाम तुडवायचा. चहूकडचा पंधरा-वीस मीटरचा पट्टा पायांनी दाबून घट्ट केला की मशीन आल्यावर ढग उठत नाही. आम्ही सकाळी सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून पट्ट्यावर चालवायचो, लेझीमच्या तालावर. एक साताऱ्याचा गडी होता, तो खरंच तोंडाने ताल धरायचा.

ताडपत्रीचा मोह होईल. आपण मुंबईकर, जून आला की छप्परावर निळी ताडपत्री. पॅडवरही टाकावी आणि बर्फासकट ओढून काढावी असं वाटतंच. मी दोनदा केलं. कोरड्या बर्फात जमलं. तिसऱ्यांदा ओला बर्फ पडला, ताडपत्री काँक्रीटला गोठून चिकटली आणि ओढताना फाटली. तिचा एक तुकडा मला दोन दिवसांनी दीडशे मीटरवर दगडाखाली सापडला. तो रोटरमध्ये गेला असता तर काय, या विचाराने त्या रात्री जेवण गेलं नाही. ताडपत्री नाही म्हणजे नाही.

चिकटलाच तर

काचेचा थर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका कामगाराच्या पोटात असह्य कळा. मशीन साडेआठला येणार असा निरोप. घाईत मी स्वयंपाकघरातले चहाचे दोन मोठे टोप उकळून आणायला सांगितले आणि गरम पाणी पॅडवर ओतलं. वाफ उठली, बर्फ विरघळला, खालचं काँक्रीट दिसलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. हवा उणे चौदा. मी टोप खाली ठेवून वळतो तोवर पाणी पुन्हा धरलं होतं, आणि आधी खरबरीत होता तो थर आता आरशासारखा गुळगुळीत. वर निळं आकाश दिसत होतं त्यात. मशीन आलं, पायलटने वरूनच एक गिरकी घेतली आणि रेडिओवर विचारलं, "ते चमकतंय ते काय?" मी खरं सांगितलं. तो परत गेला.

मग अडीच तास आम्ही आठ जण गुडघ्यांवर. अकरा वाजता मशीन पुन्हा आलं, माणूस खाली गेला, अपेंडिक्स होतं, वाचला. ते अडीच तास अजून माझ्या गुडघ्यांत आहेत.

तेव्हा चिकटलेला बर्फ काढायची रीत: पहार उभी मारू नका, काँक्रीटचे टवके उडतात आणि पुढच्या हिवाळ्याला नवे खड्डे तयार. रुंद पात्याची खरवडणी जमिनीशी अगदी आडवी धरून कडेपासून आत शिरवायची, थराखालून. थर कुठेतरी उललेला असतोच, तिथून सुरू करा. ऊन येत असेल आणि वेळ असेल तर थांबा. एका कोपऱ्यात गडद काँक्रीट उघडं पडलं की ते तापतं आणि शेजारचा बर्फ आपोआप सुटतो. सुटलेला प्रत्येक खडा झाडूने बाहेर. गॅसचा बर्नर घेऊन कोणी येईल, त्याला परत पाठवा. काँक्रीटचा वरचा पापुद्रा उडतो आणि वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं ते वेगळंच.

मीठ, युरिया आणि खरं औषध

मिठाचं नाव निघणारच. बर्फाच्या कारखान्यात डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात आणि ते पाणी उणे दहालाही गोठत नाही, हे आमच्यात पोरासोरांना ठाऊक. मटका कुल्फीवाल्याचंही तेच शास्त्र. पण हेलिपॅडवर मीठ टाकायचं नाही. मशीनचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं, आणि रोटरचा वारा ते खारं पाणी बारीक फवारा करून प्रत्येक सांध्यात नेतो. समुद्रावरून आलेली मशीनं आम्ही जुहूला दिवस संपला की गोड्या पाण्याने धुवायचो, इंजिनसकट, ते याचसाठी. शिवाय मीठ काँक्रीटमधली सळीही खातं. आणि उणे दहाच्या खाली ते इतकं मंदावतं की सगळं नुकसान फुकटच.

युरिया धावपट्ट्यांवर बरीच वर्षं वापरला गेला. तो उणे सहा-सातच्या खाली उपयोगाचा नाही, लडाखच्या रात्रीत तर नुसते पांढरे दाणे पडून राहतात. खताची गोणी उघडायचा विचार सोडा. वाळूही नको. रस्त्यावर ती ठीक, इथे ती थेट इंजिनात आणि डोळ्यांत जाते. तिथले शेतकरी वसंतात शेतातल्या बर्फावर माती पसरतात, काळ्या मातीने ऊन धरून बर्फ लवकर जातो. ते पाहून मलाही राख टाकायची हुक्की आली होती. शेतावर हेलिकॉप्टर उतरत नाही, हे फोरमनने लक्षात आणून दिलं.

विमानतळांवर चालतं ते पोटॅशियम ॲसिटेट, पाण्यासारखं औषध, उणे वीसच्याही खाली काम करतं. घेताना धावपट्टीसाठीचं, एएमएस १४३५ या मानकाचं आहे का ते डब्यावर पाहा. घट्ट दाण्यांचं असेल तर एएमएस १४३१. वापरायची खुबी अशी की बर्फ पडायच्या आधी कोरड्या पॅडवर पातळ फवारा. मग बर्फ खाली धरतच नाही, फावड्यासरशी सुटतो. आईची एक युक्ती आठवते, तवा तापायच्या आधी तेलाचं बोट फिरवायचं. नंतर कितीही तेल ओता, चिकटलेली भाकरी निघत नाही. जास्त ओतलं तर पॅडच निसरडं होतं. दिव्यांच्या वायरींचे जोड उघडे असतील तर ते बंद करून घ्या, या पाण्यातून वीज वाहते आणि जस्ताचा मुलामा खराब होतो. आमच्याकडे वर्षाला मोजके कॅन यायचे, म्हणून मी ते फक्त मधल्या, स्किड टेकतात त्या भागावर वापरायचो.

तापणारं पॅड

"काका, खालून गरमच करून टाकायचं ना," असं तो मुलगा म्हणाला. करतात. थंड देशांतल्या रुग्णालयांच्या गच्चीवर काँक्रीटमध्ये विजेच्या तारा नाहीतर गरम द्रव फिरवणाऱ्या नळ्या घातलेल्या असतात. पण हिशेब बघ, म्हटलं. एक किलो बर्फाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. सहा टनांना साडेपाचशे युनिट, बर्फ उणे दहाचा असेल तर तो आधी शून्यावर आणायला आणखी पस्तीस. जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे एका बर्फाला पावणेदोनशे लिटर डिझेल, आणि तेही सगळी उष्णता बर्फालाच मिळाली तर. चौरस मीटरला तीनशे वॉट धरले तरी पॅडला १२० किलोवॉटचा जोड लागतो. आमच्या अख्ख्या कॅम्पला तेवढा नव्हता.

तुमच्या नशिबी तसं पॅड आलंच तर दोन गोष्टी: बर्फ पडायच्या आधीच ते कोमट ठेवायचं, थंडगार लादी तापायला तास लागतात. आणि वितळलेलं पाणी गोठायच्या आत जायची वाट, म्हणजे गटारही, तापलेलं हवं. नाहीतर पॅड कोरडं आणि कडेला बर्फाची माळ.

मशीन यायच्या आधी

अर्धा तास आधी शेवटची फेरी. वाऱ्याचा मोजा, म्हणजे विंडसॉक, हाताने झटका. ओला होऊन गोठला असेल तर तो कालचीच दिशा दाखवत ताठ उभा असतो. पॅडसमोर, रोटरच्या कक्षेबाहेर, पायलटला दिसेल असा लाल रंगवलेला मोठा दगड ठेवा. पांढऱ्या ढगात नजर टेकवायला त्याला काहीतरी लागतं. दगडच, झेंडा किंवा पिंप नको; उडेल असं काही नाही.

रेडिओवर "पॅड ओके" म्हणू नका. त्यातून त्याला काहीच कळत नाही. वारा कुठून, पॅडवर किती बर्फ, कोरडा की ओला, काचेचा थर कुठे राहिलाय, बाहेरचा पट्टा दाबलेला आहे की मोकळा, एवढं सांगा. राहिलेलं लपवू नका. "उत्तरेच्या कोपऱ्यात दोन मीटरवर बर्फ आहे" असं सांगितलं तर तो दक्षिणेला टेकेल. मशीन रात्री मुक्कामाला राहिलं तर सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी खाली वाकून दोन्ही स्किड डोळ्यांनी बघायचे आणि चिकटल्याचा संशय आला तरी पायलटला सांगायचं. सोडवायचं कसं ते त्याचं आणि इंजिनियरचं काम. आपण पहार घालायची नाही.

मुंबईत गच्चीवरचं पॅड सांभाळणारे वाचत असतील तर त्यांना बर्फाच्या जागी शेवाळ. जुलैत तीन दिवस पाऊस लागला की रंगावर हिरवट साय धरते आणि ती बर्फाइतकीच निसरडी. तिथेही साय दिसायला लागली त्याच दिवशी कडक ब्रशने घासायची, खडूचे गोल मेमध्येच काढून खड्डे बुजवायचे. आणि संक्रांतीच्या आसपास रोज सकाळी मांजा आणि फाटके पतंग वेचायचे. मुंबई हायवर आमचा शत्रू याहून साधा होता, समुद्रपक्ष्यांची शीट. तिच्याखाली डेकवर उतरायची खूण म्हणून रंगवलेला एच दिसेनासा व्हायचा.

मशीन उडालं की सगळे शेकोटीकडे पळतात. तुम्ही थांबा. स्किड टेकले तिथे दोन दाबलेले पट्टे उरतात आणि इंजिनाच्या गरम झोताखाली ओला डाग. दोन्ही अजून ओले असतात, वायपरने आणि झाडूने पाच मिनिटांत निघतात. चहा पिऊन आलात तर खरवडणी लागेल.